तंजावरच्या भिंतीपाशी

दिवाळी आली की आमच्या गावातली मुले मातीचे किल्ले करतात, आणि ते पाहून नंबर देण्याचे काम दरवर्षी माझ्या गळ्यात पडते. मी शाळेत चित्रकला शिकवतो आणि रात्री कादंबऱ्या लिहितो. तेव्हा बुरूज कसा असावा आणि मावळा कोठे उभा करावा हे मला कळत असलेच पाहिजे, असा गावाचा भाबडा समज आहे. गेल्या दिवाळीत असाच एका अंगणातला रायगड पाहत उभा होतो. सिंहासनावर महाराज होते, दरवाजावर चौकीदार होते, हळिवाचे हिरवेगार रान उगवले होते. किल्ला करणारा पाचवीतला मुलगा एकाएकी म्हणाला, "गुरुजी, महाराजांना भाऊ होता का हो?"

"होता ना. थोरले संभाजीराजे. आणि धाकटे, सावत्र, व्यंकोजीराजे."

"मग व्यंकोजीराजे कोठे उभे करू?"

मी म्हटले, "ते या अंगणात मावायचे नाहीत रे. ते फार लांब आहेत. तंजावरला."

मुलाचे समाधान झाले नाही. माझेही झाले नाही. कारण तंजावर हे नाव उच्चारताच मला एक लांबलचक भिंत आठवली, आणि त्या भिंतीपाशी आम्हा चार पोरांची झालेली फजिती आठवली. वाचकहो, मी मॅट्रिक झालेला मास्तर आहे. इतिहासाचा पंडित नव्हे. पण त्या पोराला जे उत्तर द्यावयाचे राहून गेले, ते आज फराळाच्या ताटाबरोबर तुम्हांला द्यावे म्हणतो.

सुमारे पाव शतकापूर्वीची गोष्ट. इ.स. २००० चा डिसेंबर महिना. मी सोलापुरात चित्रकला-शिक्षकाची पदविका घेत होतो. आमच्या एका गुरुजींनी वर्गात तंजावरची चित्रे दाखवली. लाकडी फळीवर कापड डकवून त्यावर काढलेला बाळकृष्ण, अंगावरचे दागिने उठावाचे, त्यांवर खऱ्या सोन्याचा वर्ख आणि मधूनमधून काचेचे खडे. "ही कला मराठी राजांच्या आश्रयाने वाढली. जमले तर जाऊन पाहा," एवढेच ते म्हणाले. दुसऱ्या कोणी ते कानामागे टाकले असते. आम्ही चौघांनी ते मनावर घेतले.

चौघे म्हणजे मी, आमचा खजिनदार, एक पंढरपूरकर आणि एक कवी. कवीचे नाव सांगत नाही, कारण तो आता बँकेत आहे. खजिनदार मात्र जन्मजात खजिनदार होता. प्रत्येकी बाराशे रुपये त्याने आधीच वसूल केले, सदऱ्याच्या आत शिवून घेतलेल्या खिशात ठेवले, आणि एका चिटोऱ्यावर फर्मान काढले : दिवसाला माणशी चाळीस रुपये, त्यात चहा एकदाच. विद्यार्थ्यांच्या अभ्याससहलीला रेल्वे निम्म्या भाड्याची सवलत देई. त्या दाखल्यावर सही मिळवण्यातच आमचे चार दिवस गेले. अखेर घरून आणलेल्या दशम्या, शेंगदाण्याची चटणी, चार वळकट्या आणि चित्रांच्या वह्या घेऊन आम्ही मद्रास मेलच्या गर्दीत शिरलो. मद्रासचे नाव १९९६ सालीच चेन्नई झाले होते. पण आमच्या तोंडी मद्रासच होते. तेथून रात्रभर बसने खडखडत, एकमेकांच्या खांद्यावर डोकी आपटीत, पहाटे तंजावरास उतरलो.

उतरलो आणि मुके झालो. पाट्या तमिळ, बसवरचे फलक तमिळ, रिक्षावाल्याचे बोलणे तमिळ. आमचे हिंदी तेथे कोणाला कळेना आणि आमचे इंग्रजी आम्हांलाच कळत नव्हते. शेवटी स्थानकाजवळ बोटांनी हिशेब करून एक खोली घेतली. दोन खाटा आणि माणसे चार. तेव्हा रात्रीच्या पाळ्या ठरल्या. पण त्या पहाटे रस्त्यावर जे पाहिले त्याने सारा शीण गेला. मार्गळी महिना चालू होता. घरोघरी बायका अंगणात सडा घालून ठिपक्यांची रांगोळी काढीत होत्या. तेथे तिला कोलम म्हणतात. चिमटीतून तांदळाच्या पिठाची रेघ सुटे ती ठिपक्यांना वळसे घालीत, न तुटता, जेथून निघाली तेथेच येऊन मिळे. मध्यभागी शेणाच्या गोळ्यावर भोपळ्याचे पिवळे फूल. आम्ही चार चित्रकार म्हणवणारे तोंडात बोट घालून उभे राहिलो. पाट्या वाचता येत नव्हत्या. पण ही अक्षरे ओळखीची वाटली.

दुपारी जेवणाची परीक्षा झाली. केळीचे पान, त्यावर भाताचा डोंगर, सांबार, रसम, ताक. वाढपी पुन्हा पुन्हा भात घाली आणि "पुरे" हे त्याला कसे सांगावे ते आम्हांला कळेना. हात आडवा धरला तर तो हसून दुसऱ्या बाजूने वाढी. पंढरपूरकराने अन्न टाकायचे नाही या संस्काराने तिसरा डोंगर संपवला आणि घामाघूम झाला. शेजारच्या गृहस्थाला दया आली. "पोदुम," तो म्हणाला, आणि पान आपल्याकडे दुमडून दाखवले. तंजावरात आम्ही शिकलेला हा पहिला शब्द. पोदुम म्हणजे पुरे. खजिनदाराला तो इतका आवडला की पुढे सहा दिवस त्याने तो आम्हांला ऐकवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बृहदीश्वराच्या देवळात गेलो. चोळ सम्राट पहिला राजराज याने ते इ.स. १०१० मध्ये पुरे केले. प्रथम मराठ्यांच्या काळातला दरवाजा लागतो, मग चोळांची दोन गोपुरे, आणि मग एकदम ते भले मोठे आवार उघडते. समोर दगडी नंदी आणि त्यामागे दोनशे फुटांच्या घरात चढत गेलेले विमान, म्हणजे शिखर. एका वाटाड्याने मोडक्या हिंदीत सांगितले की या शिखराची सावली जमिनीवर पडतच नाही. आता सावल्या काढण्यातच ज्यांचे आयुष्य जावयाचे, त्यांना हे कसे सोसावे? आम्ही भर दुपारपर्यंत वह्या उघडून बसलो. डिसेंबरचे ऊन दक्षिणेकडून येत होते आणि उत्तरेच्या फरसबंदीवर शिखराची सावली स्वच्छ पडली होती. कवी म्हणाला, "इतके मोठे देऊळ बांधले आहे, त्याला खोट्या मोठेपणाची काय गरज?" बँकेत जाण्यापूर्वी तो अशी वाक्ये बोलत असे.

या देवळाच्या पायथ्याला राजराजाने आपली दाने तमिळ अक्षरांत कोरून ठेवली आहेत. देवळाच्या सेवेसाठी आणलेल्या चारशे नर्तकींची नावेसुद्धा त्यांत आहेत. राजाने दगडाचा जमाखर्चाची वही म्हणून असा उपयोग केला. हे आम्हांला नुसते पाहता येत होते, वाचता येत नव्हते. तशाच मुक्या डोळ्यांनी आम्ही आवाराच्या कडेकडेने ओवऱ्यांतून चाललो होतो. नैर्ऋत्य बाजूला पोचलो आणि पंढरपूरकर थबकला. "अरे," तो ओरडला, "हे तर मराठी आहे!"

भिंतीवर ओळीच्या ओळी कोरलेल्या होत्या. बाळबोध अक्षरे. पहिले काही क्षण आम्हांला ते खरेच वाटेना. दोन दिवस परक्या अक्षरांत बुडालेल्या माणसाला आपली लिपी दिसली म्हणजे काय होते, ते सांगता यावयाचे नाही. गर्दीत कोणी आपल्या नावाने हाक मारावी तसे झाले. भाषा जुनी, वाक्ये लांब, शब्द एकमेकांना चिकटलेले. तरी मालोजी, शहाजी, शिवाजी ही नावे बोटाखाली सापडू लागली. कवीने ठणठणीत आवाजात वाचावयास सुरुवात केली. एका शब्दावर अडखळे, मागे जाई, पुन्हा जुळवी.

इतक्यात मागून आवाज आला, "थोडे मोठ्याने वाचा की. मला कानाला कमी येते."

आम्ही दचकून वळलो. सत्तरीच्या पुढचे एक गृहस्थ उभे होते. पांढरी वेष्टी, कपाळाला गंध, हातात पिशवी. दिसायला पुरते तिकडचे. बोलले मात्र मराठी. त्या मराठीला तमिळ हेल होता, शब्द आमच्या आजीच्या पिढीतले होते, आणि मधूनच एखादा तमिळ शब्द सहज येऊन बसे. पण मराठीच ती. आम्ही चौघेही नकळत वाकून नमस्कार करते झालो. "आजोबा, तुम्ही इकडचेच का?" मी विचारले.

"इकडचेच. दहाबारा पिढ्या झाल्या."

"मग हे तुम्ही वाचले असेल सारे."

आजोबा हसले. "मी लहानपणापासून या भिंतीवरून हात फिरवीत आलो आहे, बाळांनो. पण मला ही अक्षरे येत नाहीत. शाळा तमिळमध्ये झाली, नोकरी रेल्वेत. घरात बोलतो ते मराठी. वाचायला कोणी शिकवलेच नाही. तुम्ही वाचा. मी ऐकतो."

ते ओवरीच्या पायरीवर बसले आणि आम्ही आळीपाळीने तासभर वाचीत राहिलो. गंमत अशी की अक्षरे आम्हांला येत होती आणि अर्थ त्यांना लागत होता. आम्ही "म्हणजे काय?" म्हणून थांबलो की आजोबा तो जुना शब्द उलगडून सांगत. त्यांच्या घरात तो अजून रोजच्या वापरात होता.

त्या भिंतीवर आहे तो भोसले वंशाचा इतिहास. दुसऱ्या सरफोजीराजांनी तो १८०३ साली कोरविला. जगातल्या सर्वांत मोठ्या कोरीव लेखांत त्याची गणना करतात. राजराजाने ज्या आवारात आपले तमिळ लेख कोरले, त्याच आवारात जवळजवळ आठशे वर्षांनी एका मराठी राजाने आपल्या कुळाची कहाणी मराठीत कोरून ठेवली.

ही कहाणी थोडक्यात अशी. शहाजीराजांचे धाकटे पुत्र व्यंकोजी यांनी १६७५ च्या सुमारास तंजावर घेतले आणि तेथे आपले राज्य स्थापिले. १६७७ मध्ये शिवाजीमहाराज दक्षिणदिग्विजयास गेले, तेव्हा कोळ्ळिडम नदीच्या काठी दोघा भावांची भेट झाली. वडिलांच्या मिळकतीच्या वाटणीवरून मने जुळली नाहीत. व्यंकोजी एका रात्री गुपचूप नदी ओलांडून तंजावरास निघून गेले. पुढे लढाई झाली, समेटही झाला, आणि त्या समेटात महाराजांनी बंगळूरकडचा मुलूख भावजय दीपाबाईंना चोळीबांगडीसाठी दिला. राज्ये मोठी असली तरी भाऊबंदकी आणि भावजयीचा मान ही आपल्या घरातलीच गोष्ट आहे.

व्यंकोजींचे पुत्र शहाजीराजे १६८४ ते १७१२ राज्यावर होते. त्यांनी मराठी नाटके लिहिली. सांगलीस विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली सीतास्वयंवर रंगभूमीवर आणले, हे आपण शाळेत शिकतो. तंजावरच्या राजवाड्यात मराठी नाटक त्याच्या दीडशे वर्षे आधी लिहिले गेले होते, हे शिकत नाही. सज्जनगडावरच्या राममूर्तीही तंजावरकडून घडून आल्या, असे रामदासी संप्रदायात सांगतात. सांबार हा पदार्थ संभाजीराजांच्या नावावरून निघाला, तंजावरच्या मुदपाकखान्यात आमसूल संपले म्हणून चिंच घातली, अशी एक चविष्ट कथाही आहे. तिला कागदाचा आधार नाही. पण सांबाराला चव आहे, म्हणून कथा चालते.

बारा वाजून गेले तेव्हा आजोबा उठले. "जेवायला घरी चला," ते म्हणाले. खजिनदाराने क्षणभरही संकोच केला नाही.

घर जुने, अरुंद आणि खोल. आजींनी पाने मांडली. भात, सांबार, आणि बाजूला दह्यात कालवलेले उडदाच्या पिठाचे डांगर. डांगर! आमच्या सोलापूरकडे उन्हाळ्यात पापडांच्या वेळी होते तेच नाव, हजार किलोमीटरांहून लांब, केळीच्या पानावर. पंढरपूरकराचे डोळे भरून आले. त्याने ते मिरचीवर ढकलले. आजी आम्हांला "घाला की अजून" म्हणाल्या आणि आम्ही चौघे एका आवाजात म्हणालो, "पोदुम!" म्हातारी हसता हसता खाली बसली.

जेवताना आजोबांनी छत्रांची गोष्ट सांगितली. छत्र म्हणजे अन्नछत्र आणि धर्मशाळा. तंजावरच्या राजांनी रामेश्वराच्या वाटेवर ठिकठिकाणी अशी छत्रे बांधली होती. ओरत्तनाडू येथील मुक्तांबा छत्र सरफोजीराजांच्या काळातले. पुढे मी याविषयी वाचीत गेलो, तेव्हा सरफोजीराजांनी १८०१ साली इंग्रज रेसिडेंट बेंजामिन टोरिन याला पाठवलेल्या एका पत्राची हकिगत वाचनात आली. राजेसाहेब त्यात सांगतात की छत्रात ब्राह्मणापासून अंत्यजापर्यंत कोणीही वाटसरू येवो, त्याला जेवू घालतात. शिजवलेले नको असेल त्याला शिधा देतात. अन्नदान मध्यरात्रीपर्यंत चालते, आणि मग घंटा वाजवून पुकारा करतात की कोणी उपाशी राहिला असेल तर त्याने यावे. आजाऱ्याला वैद्य असे, बाळंतिणीची सोय असे, वाटेत मेलेल्याचे अंत्यविधीही होत. प्रत्येक छत्रात एक पंतोजी असे. परक्या मुलखातले आईबाप मेले आणि मूल मागे राहिले, तर ते त्या पंतोजीच्या हवाली करीत. त्या मुलाला दिवसातून तीनदा जेवण आणि दर चौथ्या दिवशी तेल लावून न्हाऊ घालणे, असा शिरस्ता होता.

मी मास्तर आहे. म्हणून ही शेवटची ओळ माझ्या मनातून जात नाही. दिवाळीच्या पहाटे घरोघर मुलांना तेल लावतात, तेव्हा मला तो नाव नसलेला पंतोजी आठवतो. कोणाची तरी पोरकी पोरे ओळीने बसवून तो त्यांच्या डोक्यावर तेल थापीत असेल.

या पत्राचे मोल कळण्यासाठी आधीचे साल पाहिले पाहिजे. सरफोजी १७९८ मध्ये गादीवर आले. बालपणी गादीच्या तंट्यात त्यांचे हाल झाले होते. श्वार्ट्झ नावाच्या जर्मन मिशनऱ्याने त्यांचा सांभाळ केला आणि शिक्षणाची सोय केली. गादी मिळाली ती कंपनीच्या हातून. १७९९ च्या तहाने सारा मुलूख आणि कारभार कंपनीकडे गेला. राजाकडे राहिला तंजावरचा किल्ला, वर्षाला एक लाख पागोडे आणि उत्पन्नाचा पाचवा हिस्सा. वय बाविशीचे. सैन्य नाही, कर नाही, तह करण्याचा अधिकार नाही. अशा राजाने कंपनीला लिहून मागितले ते हे की वाटसरूंच्या जेवणाला धक्का लावू नका. त्यानंतर दोनच वर्षांनी देवळाच्या भिंतीवर छिन्नी चालू झाली.

तिसऱ्या दिवशी आम्ही राजवाडा पाहिला. मुळचा तो नायक राजांचा, नंतर मराठ्यांचा. तेथल्या कांस्यमूर्तींपुढे आम्ही अर्धा दिवस बसलो. एक नटराज काढताना माझ्या तीन पेन्सिली झिजल्या. तेथेच सरफोजींचा संगमरवरी पुतळा आहे. डोक्यावर उंच टोकदार टोपी आणि दोन्ही हात जोडलेले. हातात तलवार नाही. आम्हांला घोड्यावर बसलेले मराठे पाहण्याची सवय. हात जोडून उभा असलेला राजा पाहून आम्ही जरासे वरमलोच.

शेजारी सरस्वती महाल ग्रंथालय. नायकांच्या काळापासूनचा हा संग्रह सरफोजींनी वाढवला. १८२० ते १८२२ या काळात ते काशीयात्रेला गेले, तेव्हा येताना पोथ्या घेऊन आले. चाळीस हजारांवर हस्तलिखिते तेथे आहेत. त्यांत मराठी तीन हजारांहून अधिक. मोडी दप्तराचे शेकडो गठ्ठे वेगळेच. जॉन्सनचा १७८४ साली छापलेला इंग्रजी कोशही या राजाच्या संग्रही. दर्शनी दालनात माणसांचे चेहरे आणि पशूंचे चेहरे शेजारी शेजारी ठेवून काढलेली फ्रेंच चित्रकार ल ब्रँ याची चित्रे होती. त्यांत आमच्या खजिनदाराचा चेहरा कोणत्या प्राण्याशी जुळतो यावर थोडा वाद झाला. सरफोजींनी डोळ्यांच्या रोग्यांची टिपणे ठेवविली आणि चित्रकारांकडून त्या दुखऱ्या डोळ्यांची रंगीत चित्रे काढविली. देवादिकांच्या अंगावर सोने चढवणारी कला त्यांनी वैद्याच्या कामी लावली. एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात त्यांनी बाळबोध टाइपांचा छापखाना घातला आणि इसापाच्या गोष्टी मराठीत करून "बालबोध मुक्तावली" या नावाने छापविल्या. कोणासाठी? मुलांसाठी.

राजा १८३२ साली वारला. त्याचा मुलगा शिवाजी १८५५ साली निपुत्रिक वारला आणि कंपनीने राज्य खालसा केले. थोरल्या राणी कामाक्षीबाई विलायतेतल्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत लढल्या. १८५९ मध्ये निकाल लागला की हे राज्यसत्तेचे कृत्य आहे, कोर्टाला त्यात हात घालता येत नाही. राज्य गेले ते गेलेच. पोथ्या मात्र राहिल्या, आणि १९१८ पासून ते ग्रंथालय सर्व लोकांना खुले झाले.

आता फजितीचे सांगतो. आजोबांच्या घरी जेवणे झाल्यावर त्यांनी माळ्यावरून एक पत्र्याची पेटी काढवली. आत रुमालात बांधलेले कागद होते. "आमच्या वाडवडिलांचे आहे. वाचून सांगा," ते मोठ्या आशेने म्हणाले. मी गाठ सोडली. कागद मोडीत होते. चौघांनी एकमेकांकडे पाहिले. आम्ही मराठी मुलखातून आलेलो, मराठी शिकलेलो, देवळात पंडितासारखे वाचणारे. आणि आम्हांला त्यातले एक अक्षर येत नव्हते. आमच्या आजोबांना येत होते. बापाला येत नव्हते. आम्हांला तर त्याची खंतही नव्हती. आजोबा काही बोलले नाहीत. त्यांनी नुसते "बरे" म्हटले. भिंतीपाशी ते म्हणाले होते, "मला वाचायला कोणी शिकवलेच नाही." तेच शब्द आता आमच्या घशाशी आले.

मग मला एकच गोष्ट सुचली. वाचता येत नाही, पण काढता तर येते? मी वही उघडली आणि एका कागदाच्या पहिल्या अकरा ओळी चित्र काढावे तशा उतरवून घेतल्या. मोडी लिहिताना आधी ओळभर रेघ ओढतात आणि हात न उचलता अक्षरे त्या रेघेला टांगतात. त्या वळणांवरून पेन्सिल फिरवताना मला पहाटेचा कोलम आठवत होता. अर्थ कळत नव्हता; पण लिहिणाऱ्याचा हात कोठे घाईत होता आणि कोठे स्थिर, ते कळत होते.

गावी परतल्यावर ती वही घेऊन एका वृद्ध गृहस्थांकडे गेलो. तरुणपणी त्यांनी कचेरीच्या दप्तरात उमेदवारी केली होती. चष्मा पुसून त्यांनी पाहिले आणि म्हणाले, "मास्तर, हे तुम्ही लिहिले नाही, काढले आहे. पण लागते." त्यांनी सावकाश वाचले. ना लढाई, ना सनद. छत्राकडच्या एका दिवसाचा खर्च होता : तांदूळ, डाळ, चिंच, ताक, केळीची पाने. एका ठिकाणी ते अडले. "तांदूळ तीन कलम. कलम म्हणजे लेखणी. तांदळाशेजारी लेखण्या कशाला?"

मी तंजावरास पत्र लिहिले. आजोबांना ते कोणीतरी वाचून दाखवले असावे. महिन्याभराने उत्तर आले. नातवाच्या अक्षरात, रोमन लिपीत, पण भाषा आजोबांची. कलम हे तिकडचे धान्याचे जुने माप. लिहिले होते की ही गोष्ट तिकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. आणि आमचे पूर्वज छत्राचे कारकून होते हे आम्हांला आजवर ठाऊक नव्हते, ते तुमच्यामुळे कळले.

त्या पावसाळ्यात मी त्याच वृद्ध गृहस्थांपाशी मोडी शिकावयास बसलो. वर्ष लागले. आजही मी फार चांगला वाचक नाही. पण दर शनिवारी शाळा सुटल्यावर चारपाच मुलांना फळ्यावर रेघ ओढून ती अक्षरे टांगावयास शिकवतो. कोणाच्या घरच्या माळ्यावर कोणती पेटी आहे, ते काय सांगावे!

किल्ला करणाऱ्या त्या मुलाला मी दुसऱ्या दिवशी पुन्हा गाठले आणि ही सारी गोष्ट सांगितली. त्याने ती नीट ऐकून घेतली आणि थोड्या वेळाने मला हाक मारून दाखवले. रायगडापासून बरेच दूर, तुळशीवृंदावनाच्या पलीकडे, त्याने मातीची एक लांब भिंत घातली होती. भिंतीपाशी मावळा नव्हता. चुलीवर भांडे ठेवलेली एक छोटी मातीची बाई होती आणि तिच्यासमोर चार माणसे पंगतीला बसवली होती.

नंबर मी त्यालाच दिला. गावात थोडी कुरकुर झाली; पण ती दरवर्षीच होते.